वाचनालयातल्या तलाठ्याची बदली

वडनेर भोलजीच्या सार्वजनिक वाचनालयात काही बदललं, की ते बदलून झाल्यावर कळायचं. आधी कधीच नाही. एके दिवशी लोक पेपर वाचायला आले, तर पेपरांचं टेबल खिडकीखाली गेलेलं. एके दिवशी पंख्याची करकर बंद. एके दिवशी माठाला तोटी बसलेली आणि साखळीला बांधलेला ग्लास गायब. जुने वाचक आपले ओंजळ धरून उभे. हे कोणी केलं, असं विचारायची गरज पडत नसे. कौसर टेबलामागे बसून फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत असायची, आणि चेहरा असा, की पंखा आपला आपणच सुधारला, त्यात तिचा काय संबंध.

"या बाईचं काम झालं की कळते, होतानी कळत नाही," असं वाचनालयाचे अध्यक्ष भगवंतराव म्हणत. हे कौतुक होतं की तक्रार, ते त्यांनाही नक्की माहीत नसावं.

तिची ही खोड माहेराहून आलेली. माहेर लोणारचं. वडील रहेमतुल्ला गाद्या भरायचे, आणि कापूस पिंजताना नाका-तोंडाला फडकं बांधून बांधून घरातही तोंड कमीच उघडायचे. कौसरचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी घरात पेढे आले. तिला वाटलं निकालाचे. तिनं स्वतः हौसेनं गल्लीभर वाटले. सगळ्यांत शेवटी शेजारच्या खालानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "मुलगा काय करतो गं?" तेव्हा कळलं, की आपण आपल्याच सोयरिकीचे पेढे वाटून आलो. मुलगा म्हणजे जावेद चांगला निघाला, वडनेरच्या फाट्यावर मोटरसायकली दुरुस्त करतो, बायकोनं कमावलेल्याला हात लावत नाही आणि तिनं केलेल्या भाजीला नाव ठेवत नाही. तेव्हा तक्रारीला जागा उरली नाही. पण ज्या घरात कोणी कोणाला आधी सांगत नाही, त्या घरातून आलेल्या माणसाला सांगणं हे काम वाटतच नाही. करणं हे काम.

वाचनालयात संगणक होते तीन. कुठल्याशा कॉलेजनं म्हातारे झाले म्हणून काढून टाकलेले. त्यांच्यावर नेहमीचं काही चालेना, म्हणून नांदुऱ्याचे एक मास्तर येऊन त्यांत लिनक्स नावाची दुसरी प्रणाली टाकून गेले आणि कौसरला म्हणाले, "फुकट आहे, हलकं आहे, फक्त वाचत जा, ते काय विचारतं ते." कौसर वाचत गेली. अडलं तर शोधत गेली. हळूहळू असं झालं, की मास्तरांना अडलं तर तेच फोन करू लागले.

या तिन्हींतला कोपऱ्यातला संगणक कडूबांचा. म्हणजे कागदोपत्री वाचनालयाचा. पण सकाळी उन्हं बाहेरच्या ओट्यावर आली की काठी टेकत कडूबा यायचे आणि त्याच्यापुढच्या खुर्चीत बसायचे, आणि ते बसले की त्या खुर्चीकडे दुसरं कोणी बघत नसे. कडूबांचे डोळे काचबिंदूनं नेले. जन्मभर पेपर वाचलेला माणूस, आधी बातम्या, मग जाहिराती, मग हरवले-सापडले, असा शेवटच्या ओळीपर्यंत. डोळे गेल्यावर काही महिने नुसते ओट्यावर बसून राहायचे. मग कौसरनं एक दिवस, अर्थातच कोणाला न सांगता, संगणकाला वाचायला लावलं. पडद्यावरचं मराठी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. बारका स्पीकर कडूबांच्या कानाशी ठेवला, बस.

आवाज पुरुषाचा होता. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. सोयाबीनचा भाव आणि निधनवार्ता एकाच सुरात वाचायचा, आणि गावाचं नाव 'वडनेर भोल' म्हणून थांबायचा, मग 'जी' असं अदबीनं जोडायचा. कडूबांनी पहिल्या आठवड्यात त्याचं बारसं करून टाकलं.

"माणूस मेला काय अन् भाव चढला काय, याले काईच नाही. तलाठ्यावानी वाचते."

तेव्हापासून तो तलाठी. वाचनालयातले सगळे त्याला तलाठीच म्हणू लागले. एकदा गावचे खरे तलाठी सातबाऱ्याच्या कामानं भगवंतरावांना शोधत आत आले, तेव्हा कोणीतरी ओरडत होतं, "अबे, तलाठ्याचं तोंड बंद कर जरा, अभ्यास होऊन नाही राह्यला." ते साहेब आल्यापावली परत गेले. पुढं कितीतरी दिवस त्यांची समजूत काढावी लागली.

तलाठ्याचे उच्चार कच्चे. 'चारा' हा शब्द तो 'च्यारा' म्हणायचा, 'जाच'चं 'ज्याच' करायचा. कडूबांना ते सोसत नसे.

"चारा म्हण बे. च्यारा काय च्यारा? तुहा बाप खाते काय च्यारा?"

आणि दुसऱ्या दिवशी तलाठी नीट 'चारा' म्हणायचा. कडूबा खूश व्हायचे. ओट्यावर सांगायचे, "सरकारी माणूस हाय, पन आयकते. मी एकडाव सांगतलं की धरून ठेवते." लोक माना डोलावायचे. कौसर आत पुठ्ठे चिकटवत असायची. कुठला शब्द कसा म्हणायचा हे त्या यंत्राला हातानं शिकवावं लागतं, आणि ते कोण शिकवतं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

मग पडद्यावर सूचना येऊ लागली, की ही लिनक्सची आवृत्ती जुनी झाली, आता नवी घ्या. कौसरनं सुटीचा दिवस धरला. वाचनालय बंद, वीज जायची भीती नाही, जावेदनं डबा आणून दिलेला. नवी आवृत्ती उतरता उतरता यंत्रानं मधेच थांबून विचारलं: ही मांडणी तुम्ही हातानं बदललेली दिसते, तुमची जुनी ठेवू, की आमची नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं असतं तर जुनी राहिली असती. कौसरनं विचार केला, नवी केलीय म्हणजे काही डोकं लावूनच केली असेल. तिनं नवी घेतली.

शेवटी एक पान उघडलं. काय काय बदललं त्याची माहिती त्यात होती. फोटो आता दुसऱ्या खिडकीत उघडतील, गाणी दुसऱ्या ठिकाणी वाजतील, आणि मराठी वाचणारा आवाज यापुढं नवा राहील. जुना आवाज आत आहेच, पण न सांगता बोलेल तो नवा. कौसरनं लगेच नवा आवाज लावून पाहिला. बाईचा होता, मऊ, ओढ देऊन बोलणारा. 'चारा'सुद्धा जन्मापासून येत असल्यासारखा म्हटला. कौसर त्या बंद वाचनालयात एकटीच हसली. उद्या बाबा खूश होतील, असं म्हणाली आणि कुलूप लावून घरी गेली. ते पान फक्त तिनं वाचलं होतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलेलं असतं, त्यातल्या एकाला ते वाचताच येत नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडूबा आले. खुर्ची चाचपली, बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि रोजचं बटण दाबलं. खिडकीशी पोलीस भरतीचा अभ्यास करणारी पोरं बसली होती. कौसर मागं सरकून, हाताची घडी घालून, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत उभी.

कानाशी बाईचा आवाज आला. "नमस्कार. आजच्या बातम्या."

कडूबा दचकले. घाईनं टोपी डोक्यावर घातली, धोतर सावरलं, खुर्ची थोडी बाजूला घेतली.

"बसा बसा, बाई," ते म्हणाले. "मले दिसत नाही. आपन कोन गावच्या?"

"नांदुरा," आवाज म्हणाला. पहिली बातमी नांदुऱ्याची होती.

"असं का. नांदुऱ्यात कोनाकडच्या?"

"बाजार समितीच्या आवारात," आवाज म्हणाला, "काल दुपारी."

खिडकीतलं एक पोरगं फुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळीच. कौसर पुढं झाली, पण कडूबांनी ऐकलं होतं. कोणाच्या हसण्याला कुठली दिशा असते हे त्यांना डोळस माणसापेक्षा चांगलं कळायचं. त्यांनी काठी शोधली, ती खुर्ची सरकवल्यामुळे जागेवर सापडेना, तेवढा वेळ चाचपत उभे राहिले, आणि त्या वेळात पोरांचं हसणं आपोआप थांबलं. मग ते गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कौसरनं आधी वाट पाहिली, मग पोरांना झापलं, मग स्वतःवर चिडून माठ घासला. तिनं जुना आवाज परत पुढं आणून ठेवला. पण नवी मांडणी घेतल्यानं तलाठ्याचं सगळं शिकणं पुसलं गेलं होतं. तिनं आठवून आठवून एकेक शब्द त्याला परत शिकवला. सगळं पहिल्यासारखं करून झालं आणि खुर्ची रिकामीच राहिली. एरवी कौसरचं काम इथं संपायचं. या वेळी संपेना, कारण दुरुस्त झालेलं ज्याला कळायला हवं, तो माणूस येत नव्हता, आणि त्याच्यापर्यंत ते पोचवायचं बटण कुठल्याच यंत्रात नव्हतं. जावेद जेवताना एवढंच म्हणाला, "जाके बोल ना." तिला राग आला, कारण ते इतकं सोपं नव्हतं आणि तरी तेवढंच होतं.

ती गेली. कडूबांच्या अंगणात त्यांची सून पूनम तुरीच्या शेंगा सोलत होती. कौसरला पाहून ती उठली, पण 'या' म्हणायच्या आधी आत तोंड करून बोलली.

"बाबा, कौसरताई आल्या. वाचनालयातल्या. तुमच्या उजव्या अंगाले बाज हाय, तिच्यावर बसवते त्याइले."

कडूबा ओसरीवर बसलेले. कौसर बसली. पूनमचं बोलणं थांबलं नव्हतं. ते बोलणं कोणाशी गप्पा मारायचं नव्हतंच. ती काम करता करता सांगत जात होती. "बाबा, दाराची फळी लावून राह्यले. बाबा, पोतं उचललं, वाट मोकळी हाय." चहा आला तेव्हा म्हणाली, "बाबा, चहा समोर ठेवला. कप नवा हाय, दांडी जराशी मोठी हाय." कडूबांनी हात पुढं केला आणि मोठी दांडी नीट धरली.

कौसर त्या कपाकडे बघत राहिली. या घरात कपसुद्धा सांगून बदलत होते.

"बाबा, तुम्ही आले नाही," ती म्हणाली.

"पाय दुखते."

"काई दुखत नाही," आतून पूनम. "सकायी मळ्यात जाऊन आले."

"तू शेंगा सोल," कडूबा म्हणाले. चहा पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तलाठी कुठी गेला?"

"आहे, बाबा. मशीनमध्येच आहे. नवी आवृत्ती आली ना, तर त्याच्या जागी पुढं एक बाई आली. तो मागं गेला."

"म्हंजे बदली झाली."

"हो. तसंच."

"मंग सांगा लागते ना, माय." आवाज चढलेला नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. "ते पोट्टे हासले त्याचं काई नाही. मले कोनी आंधी सांगतलं असतं, तं मी बी हासलो असतो. मले एकट्यालेच ठाऊक नव्हतं काऊन हासून राह्यले ते."

कौसरला लोणारची गल्ली आठवली, आणि खालाच्या तोंडातला पेढा. ती म्हणाली, "बाबा, अजून एक सांगायचं राह्यलं. तो तलाठी ना, स्वतः शिकत नव्हता. ते चारा-बिरा..."

"ते हाय मले ठाऊक."

"कसं काय?"

"मी त्याले शिवी दिली की मांगून टकटक, टकटक चालू होये. डोये गेले माहे, कान हायत ना."

"मग ओट्यावर तुम्ही सांगत होते, तलाठी ऐकतो म्हणून?"

"तुहं नाव सांगतलं असतं तं तू दुसऱ्या रोजी बंद केलं असतं. तुले मी वयखत नाही काय?" आणि तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "तू सांगत नाही, अन् कोनी सांगतलेलं बी तुले चालत नाही. लय अवघड बाई हायस तू."

"बाबा, मी तलाठी परत पुढं आणून ठेवलाय. या तुम्ही."

"आनला? कोनाले इचारून आनला?"

आतून पूनमचं हसणं ऐकू आलं.

"ती बाई चांगली बोलत होती," कडूबा म्हणाले. "सोयाबीन तिच्या तोंडून आयकाले बरं वाटन. निधनवार्ता तेवढी नोको. मेल्याची खबर असी गोड नाही सांगत कोनी. अन् बदली झाली तं तिची रीत असते. मास्तरची बदली झाली, निरोप समारंभ होते. ग्रामसेवकाची झाली, होते. मंग तलाठ्यानं काय घोडं मारलं?"

भगवंतरावांना हे कळलं तेव्हा त्यांनी एका दमात होकार दिला. निरोपाचं भाषण त्यांना पाठच होतं, फक्त सत्कारमूर्ती मिळत नव्हते. भरतीच्या पोरांनी सतरंजी घातली. सांगितल्याशिवाय घातली, हे विशेष. शाल, श्रीफळ, हार आला. ओट्यावरचे सगळे आत येऊन बसले, आणि कडूबा काठी टेकत आले. पूनम हात न धरता शेजारून सांगत होती: "सतरंजी हाय, जाड. समोर खुर्ची, जुन्याच जागी."

भगवंतराव बोलले. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, आपल्या कार्यकाळात कोणाचंही मन न दुखावणारे. भाषणात एक शब्द बदलावा लागला नाही. शाल ते संगणकावर पांघरायला निघाले, तेव्हा कौसर म्हणाली, "गरम होईल तो." शाल हातात धरून ते अडखळले. "मंग सत्कारमूर्तीच्या वतीनं कोन घेते? त्यांच्या घरचं कोनी..."

"मी हाव त्याच्या घरचा," कडूबा म्हणाले आणि उभे राहिले. कोणी हसलं नाही. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, हार मात्र मशीनलाच घाला म्हणाले.

मग तलाठ्याचं मनोगत. ते कौसरनं लिहिलं होतं. पुन्हापुन्हा खोडून लिहिलं होतं, कारण एवढं सांगायची तिला सवय नव्हती. ती कडूबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाबा, आता तलाठी बोलणार. मी बटण दाबते." आणि दाबलं.

"मी तलाठी बोलतो," डबा बोलू लागला. "आजपासून वडनेर भोल. जी. येथील बातम्या नवीन बाई वाचतील. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे. वाक्य संपल्यावर त्या थोडं थांबतात. थांबल्या म्हणजे बंद पडल्या असं समजू नये. काही विचारलं तर त्या उत्तर देत नाहीत. मीही देत नव्हतो. बटण तेच आहे. खुर्ची तीच आहे. फोटो आणि गाणी आता वेगळ्या खिडकीत उघडतील, ज्यांना सापडणार नाही त्यांनी विचारावं. निधनवार्तेचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडेच राहील. हे सगळं आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही, याबद्दल दिलगीर आहे. चारा हा शब्द मला कडूबांनी शिकवला. शिकवलेलं टाइप केलं ते कौ. सर. यांनी."

भरतीचं एक पोरगं हळूच म्हणालं, "कौ सर." आणि हसं फुटलं. या वेळी सगळ्यांत आधी कडूबाच हसले, नारळ मांडीवर हलेपर्यंत.

"अबे," ते डब्याला म्हणाले, "चारा म्हनतं नीट, अन् पोरीचं नाव चुकतं?"

कौसर ओशाळली. एवढे शब्द तिनं त्या यंत्राला शिकवले होते, गावांची नावं, पिकांची, मेलेल्या माणसांची. स्वतःचं नाव त्याच्या तोंडी यायची वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे ते चुकतं हे तिलाही माहीत नव्हतं.

"राहू द्या बाबा, आता तर चाललाच तो."

"नाही. जाऊ दे त्याले, पन नाव शिकून जाऊ दे." कडूबांनी काठी खाली ठेवली आणि स्पीकरकडे तोंड केलं. "कौसर म्हण बे."

सगळे थांबले. कौसर खाली बसली, कीबोर्ड पुढं ओढला.

"बाबा, मी आता त्याला माझं नाव शिकवते," ती म्हणाली. "टाइप करते हं."

"कर."

टकटक झाली. तिनं बटण दाबलं.

"कौसर," तलाठी म्हणाला.

"हाव," कडूबा म्हणाले. "असं." मग खुर्चीत मागं टेकून बसले, शाल खांद्यावर नीट घेतली. "आता त्या बाईले बोलाव. भाव काय झाला पाहू."